युरिया, शेणखत आणि मातीतले नत्राचे जिवाणू

'रासायनिक खतांनी जिवाणू मरतात, सेंद्रिय खतांनी वाढतात' हे वाक्य इतकं सर्रास ऐकू येतं की ते कोणी तपासून बघत नाही. नत्राच्या बाबतीत ते जेमतेम निम्मं खरं आहे. जिवाणू कोणत्या गटातले, मातीत कर्ब किती आणि सामू (pH, म्हणजे माती आम्ल की अल्क याचं माप) किती, हे विचारल्याशिवाय त्यावरून खत ठरवू नये.

आधी युरिया घेऊ. त्यात ४६ टक्के नत्र असतं. दाणा ओल्या मातीत पडला की युरिएज हे विकर त्याचं अमोनियम कार्बोनेट करतं. माती उबदार असेल तर हे काम बहुतेक आठवड्याच्या आत उरकतं. तेवढ्या दिवसांत दाण्याभोवतीच्या मातीचा सामू ९ च्या आसपास जाऊ शकतो आणि अमोनियमचा अमोनिया वायू होऊ लागतो. दाणा उघडा पडला असेल तर हा वायू हवेत उडून जातो. मातीआड असेल तर वेगळाच घोळ होतो: अमोनियापासून नायट्राइट करणारे जिवाणू काम करत राहतात, पण नायट्राइटचं नायट्रेट करणारे नायट्रोबॅक्टर अमोनियाने दबतात. मधल्या मध्ये नायट्राइट साचतं. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही कोवळ्या मुळांना घातक, म्हणून बियाण्याला खेटून युरिया दिला की उगवण विरळ होते. तो बियाण्यापासून ५ सेंमी बाजूला आणि ५ सेंमी खाली द्यावा, मोठी मात्रा असेल तर हप्त्यांत.

पण याच युरियाने अमोनियावर जगणारे जिवाणू, म्हणजे नायट्रोसोमोनास आणि नायट्रोसोस्पिरा, मरत नाहीत, उलट वाढतात. त्यांना शरीर बांधायला सेंद्रिय कर्ब लागत नाही, ते हवेतला कार्बन डायऑक्साइड वापरतात. हेच काम आर्किया (जिवाणूंसारखे दिसणारे, पण वेगळ्या गटातले सूक्ष्मजीव) हेही करतात. त्यांच्यातला पहिला २००५ मध्ये प्रयोगशाळेत वेगळा करता आला. सेंद्रिय पदार्थ कुजताना जो थोडाथोडा अमोनियम सुटतो तो आर्कियांना पुरतो. एकदम भरपूर अमोनियम मिळाला की साधारणपणे जिवाणू पुढे जातात. नायट्रेट झपाट्याने तयार होतं, मातीचे कण त्याला धरून ठेवत नाहीत, आणि पुढच्या मोठ्या पावसात ते मुळांच्या खाली वाहून जातं.

खरं, टिकाऊ नुकसान सामूतून होतं. एका अमोनियमचं नायट्रेट होताना दोन हायड्रोजन आयन सुटतात. ही आम्लता मोडायला दर किलो नत्रामागे युरियासाठी सुमारे १.८ किलो, तर अमोनियम सल्फेटसाठी सुमारे ५.४ किलो कॅल्शियम कार्बोनेट लागतं. म्हणून आधीच आम्ल असलेल्या जमिनीत अमोनियम सल्फेट वर्षानुवर्षं देणं मला अजिबात पटत नाही. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडला पार्क ग्रास हा प्रयोग १८५६ पासून चालू आहे. तिथे चुना न देता अमोनियम सल्फेट मिळालेल्या वाफ्यांत सामू ४ च्याही खाली गेला आणि न कुजलेल्या गवताचा थर जमिनीवर साचत राहिला. चुनखडीच्या जमिनीत मात्र ही भीती नाही; तिथे अमोनिया उडण्याचीच काळजी करावी.

सेंद्रिय खताची ताकद कर्बात आहे, पण 'सेंद्रिय' म्हणजे 'सावकाश' असं सरसकट नाही. कोंबडीखतातलं यूरिक आम्ल जवळपास युरियासारखंच वागतं, वर पसरून ठेवलं तर त्याचाही अमोनिया उडतो. याउलट गव्हाचं काड बघा. १ टन काडात अंदाजे ४०० किलो कर्ब आणि ५ किलो नत्र असतं. त्यातला एक तृतीयांश कर्ब जिवाणूंच्या शरीरात गेला असं धरलं, तर ८:१ या कर्ब-नत्र गुणोत्तराने त्यांना १६-१७ किलो नत्र हवं. उरलेलं ११-१२ किलो ते मातीतून ओढतात आणि पीक पिवळं पडतं. गुणोत्तर २० च्या खाली आलेलं, चांगलं कुजलेलं खत ही ओढाताण करत नाही. काडच गाडायचं असेल तर पेरणीच्या काही आठवडे आधी गाडावं, नाहीतर सोबत नत्र द्यावं.

दोन्ही खतं एकत्र देणं बहुतेक वेळा उत्तम, एक प्रसंग सोडून. माती चिंब असताना ताजं शेण आणि नायट्रेट एकाच वेळी दिलं, तर विनत्रीकरण करणाऱ्या, म्हणजे नायट्रेटचा वायू करणाऱ्या, जिवाणूंना कर्ब, नायट्रेट आणि प्राणवायूचा अभाव तिन्ही एकदम मिळतात. नत्र वायू होऊन जातं. माती आम्ल असेल तर नायट्रस ऑक्साइडचा नत्र वायू होण्याची शेवटची पायरी अडते आणि नायट्रस ऑक्साइडचं प्रमाण वाढतं.

हवेतलं नत्र स्थिर करणाऱ्या जिवाणूंचं गणित सोपं आहे: तयार नत्र मिळालं की ते काम थांबवतात. कडधान्याला नत्राची मात्रा जास्त झाली तर मुळांवर गाठी कमी येतात. फुलोऱ्याच्या सुमारास गाठ नखाने फोडून बघा. आत गुलाबी-लाल रंग असेल तर रायझोबियम (गाठीतले नत्र स्थिर करणारे जिवाणू) कामात आहे, पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही.

मातीतले जिवाणू किती नत्र सोडतात हे मोजायचं असेल तर ०-१५ सेंमीची वाफशावरची माती पाच-सहा ठिकाणांहून घ्या, मुळं आणि खडे काढून मिसळा. थोड्या मातीतलं नायट्रेट लगेच मोजा. उरलेली पातळ पॉलिथिनच्या पिशवीत घट्ट बांधून त्याच खोलीवर पुरा आणि चार आठवड्यांनी पुन्हा मोजा. पिशवीतून हवा जाते, पाणी जात नाही. नायट्रेट मोजायच्या पट्टीवरचं वाचन नायट्रेटचं असेल तर मातीच्या वजनावर आणून ४.४ ने भागा, म्हणजे नत्र मिळेल. दर किलो मातीत १ मिलिग्रॅम नत्राची वाढ म्हणजे त्या थरात हेक्टरी सुमारे २ किलो. आकडा घटला तर जिवाणू नत्र ओढत आहेत, किंवा माती फार ओली होती. पिशवीला भोक पडलेलं असेल तर ते वाचन सोडून द्या.