अकरा पावत्या आणि एक पेटी

बॉक्स प्लॉट, म्हणजे आकडे कुठून कुठवर पसरलेत ते पेटी आणि रेघांनी दाखवणारा आलेख, मी वर्षभर चुकीचा वाचत होते. पेटीचा जो भाग लांब तिथं आकडे जास्त, असंच धरून चालले होते. शिवाजी विद्यापीठात अर्थशास्त्र करताना वर्गात विचारलं तेव्हाही तेच सांगितलं. उत्तर चुकलं, पण का चुकलं ते काही डोक्यात शिरेना.

करवीर तालुक्यातल्या आमच्या घरी डेअरीच्या पावत्या तारेला अडकवलेल्या असतात. परीक्षेआधी गावी गेले तेव्हा त्यातल्या सकाळच्या अकरा काढल्या आणि म्हशीच्या दुधाचं फॅट चढत्या क्रमानं मांडलं: ५.१, ६.५, ६.६, ६.७, ६.७, ६.८, ७.०, ७.२, ७.४, ७.५, ७.८.

मधली, म्हणजे सहावी पावती ६.८. हा मध्यक. खालच्या पाचांतली मधली ६.६, वरच्या पाचांतली ७.४, ही पहिलं आणि तिसरं चतुर्थक. (चतुर्थक काढायच्या इतरही रीती आहेत, त्यामुळं संगणकावर आकडा थोडा इकडंतिकडं होतो.) आलेखाच्या कागदावर ६.६ ते ७.४ पेटी काढली, ६.८ वर रेघ मारली. रेघेखालचा भाग इवलासा, वरचा त्याच्या तिप्पट. मग पेटीच्या आत एकेका पावतीचं टिंब दिलं. खाली दोन टिंबं आणि वरही दोनच! खालची एकाच जागी, वरची लांब लांब. लांबी म्हणजे पांगापांग, संख्या नव्हे. किती तरी वेळ मी त्या चार टिंबांकडं बघत बसले.

राहिल्या मिशा, म्हणजे पेटीच्या दोन्ही टोकांपासून बाहेर निघणाऱ्या रेघा. अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ जॉन टूकी यांच्या रीतीत पेटीच्या लांबीची दीडपट दोन्हीकडं मोजतात. ०.८ ची दीडपट १.२, म्हणून खालची हद्द ५.४. मिशी मात्र हद्दीपर्यंत ओढायची नाही, हद्दीच्या आतल्या शेवटच्या खऱ्या आकड्याशी थांबवायची. इथं ६.५. वर ७.८. आणि ५.१ चं टिंब बाहेर, एकटं.

मला वाटलं, मशीन चुकलं असेल, खोडून टाकावं. आईला पावती दाखवली. तारीख बघून ती म्हणाली, "त्या दिवशी मी लग्नाला गेले होते. धार तुझ्या चुलत्यानं काढली. म्हशीनं पान्हा चोरला असणार, मागचं दाट दूध आलंच नसंल."

सगळ्यात जास्त फॅट धारेच्या शेवटी येतं, हे आईला कुणी शिकवलेलं नाही.

टिंबाशेजारी पेन्सिलीनं लिहिलं, 'चुलत्यांची धार'. आता संध्याकाळच्या पावत्या काढल्यात. त्यांची पेटी सकाळच्या शेजारीच काढणार, त्याच मापावर.