छप्पर कापलेली मर्क्युरी

शनिवार, रात्री साडेदहा. चिनो हिल्स, कॅलिफोर्निया.

पाय बोलायला लागलेत. सकाळी दहापासून चारपर्यंत सिमेंटच्या फरशीवर उभा होतो. बसलो ते फक्त सूनबाईने डब्यात दिलेलं थालीपीठ खाताना. कोल्हापूरच्या उद्यमनगरातलं गॅरेज बंद करून सहा वर्षं झाली. त्यानंतर गाड्यांच्या अंगाला लागून एवढा वेळ काढलाच नव्हता. झोप काही येणार नाही, म्हणून वही काढली.

चिरंजीव आठवडाभर म्हणत होते, "बाबा, शनिवारी तुम्हाला एक गंमत दाखवतो." मला वाटलं, परत समुद्र. तर गाडी वळली पोमोनाकडे. तिथं जत्रेचं भलंमोठं मैदान आहे, फेअरप्लेक्स म्हणतात. त्यात हे 'ग्रँड नॅशनल रोडस्टर शो' नावाचं, मालकांनी हौसेनं कापून-जोडून बदललेल्या जुन्या गाड्यांचं प्रदर्शन. रोडस्टर म्हणजे उघडी, दोन माणसांची गाडी. १९५० साली ओकलंडला सुरू झालं, २००४ पासून इथं भरतं. तिकिटाचे रुपये करायचे नाहीत अशी सूनबाईची ताकीद आहे. केले, पण इथं लिहीत नाही.

आत शिरलो आणि पहिल्यांदा आठवलं ते आपल्याकडचं जनावरांचं प्रदर्शन. धुऊनपुसून, शिंगं रंगवून, झूल घालून खिल्लार उभे करावेत तशा गाड्या उभ्या. शेजारी घडीची खुर्ची टाकून मालक. खाली आरसे ठेवलेले, पोटसुद्धा बघून घ्या म्हणून. आणि पोट कसं, तर माझ्या घरच्या ताटाला नसेल एवढी चकाकी. अॅक्सल, स्प्रिंगा, स्टिअरिंगचे दांडे, सगळ्याला क्रोम. ग्रीसचा ठिपका शोधून सापडला नाही.

खरं सांगायचं तर पहिला तासभर मला रागच येत होता. १९३२ ची फोर्ड म्हणजे आठ सिलिंडरचं व्ही-एट इंजिन सामान्य माणसाच्या खिशात आणणारी गाडी. तिचे मडगार्ड काढलेले, टप काढलेला, बॉनेटच्या बाजू काढलेल्या, इंजिन तिसऱ्याच कंपनीचं. दसऱ्याला छत्रपतींची जुनी मेबॅक गाडी दसरा चौकात येते तेव्हा आपण गर्दीत टाचा उंचावून काय बघतो? ती होती तशी आहे, हेच बघतो. तिचं छप्पर कुणी चार इंच कापलं असतं तर कोल्हापुरात त्याची काय गत झाली असती!

पोराने पाट्या वाचून दाखवल्या तेव्हा मूळ कळलं. दुसऱ्या महायुद्धातून पोरं परत आली, हातात थोडे पैसे, लष्करात शिकलेली वेल्डिंगची आणि इंजिनाची कला. जुन्या फोर्ड स्वस्तात मिळत होत्या. इथून उत्तरेला वाळवंटात कोरडी तळी आहेत, एल मिराज वगैरे, तळहातासारखी सपाट. तिथं युद्धाआधीपासूनच शर्यती व्हायच्या, आता या पोरांनी जोरात लावल्या. वजन कमी तेवढा वेग जास्त, म्हणून लागत नाही ते सगळं काढून टाकायचं. म्हणजे मडगार्ड गेले ते शोभेपायी नव्हे. शोभा मागून आली. हे ऐकल्यावर राग निम्मा उतरला.

उरलेला निम्मा मर्क्युरी नावाच्या गाडीपाशी उतरला. १९५० ची होती, दोन दारांची, गर्द जांभळी. छप्पर कापलेलं. याला ते 'चॉप' म्हणतात. ऐकायला सोपं वाटतं: खांब चार इंच कापले, टप खाली बसवला, झाळला, झालं. पण करून बघा. टप वर निमुळता असतो, सगळे खांब आतल्या अंगाला कललेले. मधला तुकडा काढून टप सरळ खाली आणला की वरचा खांब खालच्या खांबावर बसतच नाही, आत पडतो. मग एक तर खांब आणखी कलते करा, नाही तर टप आडवा-उभा कापून मधे पत्रा घालून वाढवा. मागची काच गोलाकार, ती कापायची सोय नाही, म्हणून ती तशीच ठेवून पुढे निजवायची आणि तिच्याभोवतीचा सगळा पत्रा नव्याने घडवायचा. दारांच्या चौकटी परत. पाणी झिरपू नये म्हणून रबराची खाचसुद्धा परत. मी मनातल्या मनात मजुरी लावायला घेतली आणि दोन माणसांच्या चार महिन्यांवर येऊन हिशेब सोडून दिला.

या जातीच्या गाड्यांत सगळ्यात नावाजलेली म्हणजे बॉब हिरोहाटाची १९५१ ची मर्क्युरी. सॅम आणि जॉर्ज बॅरिस या भावांनी ती १९५२ मध्ये केली. छप्पर पुढून चार इंच आणि मागून सात इंच उतरवलं, आणि दाराची खिडकी आणि मागची खिडकी यांमधला खांबच काढून टाकला. पुढे एका शाळकरी पोराने ती सेकंडहँड बाजारातून पाचशे डॉलरला उचलली आणि जन्मभर सांभाळली. २०२२ च्या लिलावात तिला वीस लाख डॉलरच्या आसपास किंमत आली. याचे मात्र रुपये करण्यात अर्थ नाही.

आता माझ्या धंद्याची गोष्ट. चाळीस वर्षं पत्रा ठोकला, लांबी म्हणजे पुट्टी भरली, पेपर मारला, रंग दिला. फियाट, अँबॅसिडर, जीप, नंतर मारुत्या. आमच्या कामाची परीक्षा काय, तर काम दिसता कामा नये. गिऱ्हाईक गाडी न्यायला आलं, भोवती दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणालं, "मिस्त्री, लागलं होतं कुठं?" की आपण जिंकलो. म्हणजे माझी सगळी अक्कल स्वतःचा हात पुसून टाकण्यात गेली. आणि इथं हा जांभळ्या मर्क्युरीचा मालक, ज्याने कंपनीची एक रेघ जाग्यावर ठेवलेली नाही, पाटीवर ठळक अक्षरांत पत्र्याचं काम कुणाचं, रंग कुणाचा, गादीकाम कुणाचं, सगळ्यांची नावं लिहून बसलाय. गादीवाल्याचंसुद्धा! शाहूपुरीतल्या आमच्या सीटकव्हरवाल्याला फोटो पाठवला. त्याचं उत्तर आलं: "दर विचारा."

पलीकडच्या एका दालनात चकाकी कमी. बिनापॉलिशच्या, नुसत्या प्रायमरच्या वाटाव्यात अशा काळपट गाड्या. मला तिथं जास्त घरच्यासारखं वाटलं. एका कोपऱ्यात अर्धवट काम झालेली मर्क्युरी होती, उघड्या पत्र्याची. छपराच्या जोडावर राखाडी पट्टा, पत्र्यापेक्षा मऊ तेज असलेला. मी वाकलो आणि काय होतंय ते कळायच्या आत उजवा पंजा त्या पट्ट्यावरून फिरला. सवय. पत्र्यातला झोल डोळ्याला दिसत नाही, तळव्याला कळतो. आम्ही हातात मऊ सुती फडकं धरून, डोळे मिटून हात फिरवायचो. पण इथं जागोजागी 'हात लावू नका'. पोराचा चेहरा पडला.

मालक उठून आला. माझ्याच वयाचा, पोट माझ्याहून मोठं. रागावेल असं वाटलं. त्याने गाडीकडे बघितलंच नाही, माझ्या हातांकडे बघितलं. डाव्या अंगठ्याचं नख १९८४ मध्ये डॉलीखाली, म्हणजे पत्र्यामागे धरायच्या लोखंडी ठोकळ्याखाली, सापडलं ते वाकडंच उगवलं. त्याने आपला अंगठा पुढे केला. तसाच!

मी पट्ट्याकडे बोट केलं आणि म्हणालो, "लेड?" तो एवढा खूश झाला की पोराला दुभाषाचं काम पुरेना. हल्ली सगळे लांबी भरतात, हा पठ्ठ्या अजून शिसं भरतो. जुन्या काळी इथं सगळे असंच करायचे, म्हणून या गाड्यांचं नावच 'लेड स्लेड' पडलं, शिशाची घसरगाडी म्हणा. त्याने पेटी उघडून दाखवली. शिसं-कथलाच्या कांड्या, गुळगुळीत लाकडी फळ्या, चरबीची डबी. आधी पत्रा लख्ख करून त्यावर कथलाचा हात द्यायचा. मग हलक्या ज्योतीवर कांडी लोण्यासारखी मऊ होईपर्यंत तापवायची आणि चरबीत बुडवलेल्या फळीने ती जोडावर थापायची. ज्योत जरा जास्त झाली की सगळं जमिनीवर. गार झाल्यावर कानसच चालवायची, ग्राइंडर नाही, कारण शिशाची धूळ छातीत जाते.

हे सगळं मी पाहिलेलं आहे. माझे उस्ताद अँबॅसिडरचे सांधे असेच भरायचे. फळी सागवानाची आणि चरबीऐवजी मेण, एवढाच फरक. संध्याकाळी गुळाचा खडा तोंडात टाकायचे, धूळ पोटात राहू नये म्हणून. गुळाने शिसं जात नसतं, पण हे तेव्हा कोण सांगणार होतं? शेवटी त्यांचे हात थरथरायचे. कारण शिसं होतं की वय, कोण जाणे. मी धंद्यात उभा राहिलो तोवर लांबीचे डबे सर्रास मिळायला लागले होते. शिशाचं काम मी शिकलो, पण स्वतःच्या गिऱ्हाइकाच्या गाडीवर एकदाही केलं नाही. वेळ लागतो, पैसे कोण देणार? हे त्या माणसाला सांगायला लावलं नाही. पोराने विचारलं, "काय म्हणू त्यांना?" म्हटलं, सांग, जोड चांगला बसलाय, फक्त डावीकडे मागच्या काचेजवळ बोटभर झोल आहे. पोरगा सांगायला तयार होईना. शेवटी सांगितलं. मालकाने तिथं हात फिरवला, दोनदा फिरवला आणि मान हलवत हसला. मग कानस काढून माझ्यापुढे धरली, मस्करीत. मी नको म्हणालो. घ्यायला हवी होती.

रंगाबद्दल दोन शब्द लिहायलाच हवेत. ज्याला हे 'कँडी' म्हणतात तो रंग खरं तर रंग नाहीच. खाली चांदीचा किंवा सोन्याचा हात देतात, वरून रंगीत पण पारदर्शक हात, पाच, सहा, आठ, आणि शेवटी बिनरंगी क्लिअर. उजेड सगळ्या थरांतून आत जातो, तळाच्या चांदीवर आपटतो आणि रंग घेऊन बाहेर येतो. म्हणून गाडी ओली दिसते, गुलकंदाच्या पाकात बुडवल्यासारखी. गोम अशी की प्रत्येक हाताने रंग गडद होत जातो. रंग फवारायची गन एका जागी क्षणभर रेंगाळली की तिथं डाग कायमचा. आणि ओरखडा पडला तर तेवढाच तुकडा रंगवून जुळत नाही, आख्खी बाजू परत. आमच्या 'टच-अप करून द्या' म्हणणाऱ्या गिऱ्हाइकांना ही गाडी द्यायला पाहिजे.

बाहेर अंगणात शेव्हरोलेच्या इंपाला गाड्या होत्या, १९६४ च्या आसपासच्या. या मेक्सिकन वस्त्यांतल्या लोकांच्या लाडक्या, जमिनीला टेकलेल्या. रोडस्टरवाले वेगामागे, हे संथपणामागे: खाली बसायचं आणि हळू जायचं. एकाने बटण दाबलं आणि गाडी पुढून उचलली, खाली आपटली, परत उचलली. नातू किंचाळला. मी डिकीत डोकावलो. पंप, व्हॉल्व्ह, बॅटऱ्यांची रांग. आपल्या ट्रॅक्टरच्या डंपिंग ट्रॉलीचंच तत्त्व की! यामागची हकिकत मजेशीर आहे. १९५० च्या दशकाच्या शेवटी कॅलिफोर्नियाने कायदा केला, की गाडीचा कुठलाही भाग चाकाच्या रिमच्या खाली आला तर दंड. मग रॉन अगिरे नावाच्या तरुणाने आपल्या कॉर्व्हेट गाडीला विमानांच्या भंगारातले हायड्रॉलिक पंप बसवले. पोलीस दिसला की गाडी वर, गेला की खाली. तो नियम आणि रस्त्यावर अशा गाड्या फिरवायला गावोगावी असलेली बंदी, दोन्ही २०२४ च्या १ जानेवारीपासून उठली. साठ-पासष्ट वर्षांचा लपंडाव.

आपल्याकडचं काय सांगावं. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल दिला, कंपनीने केली तशीच गाडी पाहिजे. २०२१ पासून पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना 'व्हीए'चा वेगळा नंबर मिळायला लागला, तोही सांगाडा, बॉडी, इंजिन मूळचं असेल तर. रस्त्यावरच्या जिवाचा विचार केला तर ते चूक म्हणवत नाही. भोंगे लावून, कर्कश सायलेन्सर बसवून आलेल्या गाड्या मी बघितल्यात. पण एकदा एका पोराने आजोबांची फियाट आणली होती, मागची दारं भरून टाकून तिची दोन दारांची करायची म्हणून. वहीच्या कागदावर चित्र काढून आणलं होतं आणि चित्र चांगलं होतं. मी नियम सांगून त्याला परत पाठवलं. आज त्या जांभळ्या मर्क्युरीपुढे तो कागद डोळ्यापुढे आला. पुढे ती फियाट भंगारात गेली असं कानावर आलं होतं.

निघताना एका टेबलावर रेघा मारणारा बसला होता. लांब, तिरक्या, तलवारीच्या पात्यासारख्या केसांचा ब्रश, खारीच्या केसांचा म्हणे. करंगळी पत्र्यावर टेकवायची, श्वास धरायचा आणि कोपरापासून हात ओढायचा. रेघ सुताएवढी बारीक, दीड फूट लांब, मधे कुठंही पोट नाही. आमच्या धंद्यात याला 'लाइन मारणे' म्हणतात. सूनबाईंसमोर 'रेघ ओढणे' म्हणालो. टांग्यांवर आणि ट्रकवर असं काम करणारे हात कोल्हापुरात होते. आता स्टिकर आलेत. एक ब्रश घेतला. किंमत पोराने सांगितली नाही, मीही विचारली नाही.

घरी आल्यावर सगळे झोपले तेव्हा इथल्या गॅरेजमध्ये गेलो. कुंपण रंगवून उरलेला पांढरा ऑइलपेंट होता. बिस्किटांच्या रिकाम्या डब्याचं झाकण घेतलं, करंगळी टेकवली. पहिली रेघ दोन इंचांवर फुगली. पुसली. दुसरी चार इंच गेली आणि वाकडी झाली. तिसरी ठेवली आहे, सकाळी उजेडात बघतो. ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवायचा राहिला, उठलं पाहिजे.