आमची वाटचाल : एकदा टाईप केलेलं पुन्हा टाईप करायला लागू नये

आमची फर्म इचलकरंजीत आहे, २००३ पासून. कापड व्यापारी, सायझिंगवाले (सुताला खळ लावून देणारे), यंत्रमागवाले, ट्रान्सपोर्टवाले यांच्यासाठी सॉफ्टवेअर करतो आणि आता निम्म्याहून जास्त काम हे एकाचं सॉफ्टवेअर दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरला जोडून द्यायचं असतं. याला वेब सर्व्हिस म्हणा, एपीआय म्हणा, गिऱ्हाईक फक्त "जोडून द्या" म्हणतो. पण जोडायचं म्हणजे नक्की काय करायचं हे गिऱ्हाइकाला आणि नव्या डेव्हलपर पोरांना दोघांनाही समजलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं, म्हणून आमच्या वाटचालीबरोबर तेही लिहितोय.

सुरुवात व्हीबी सिक्स ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि ॲक्सेस हा डेटाबेस यांवर केली, मी आणि माझा पार्टनर. पहिलं सॉफ्टवेअर सायझिंगचं. बीम (ताण्याचे धागे गुंडाळलेला मोठा रूळ) बाहेर पडताना त्याचं वजन, मीटर, तारा (धाग्यांची संख्या), सुताचा काउंट (जाडी) हे सगळं सायझिंगचा दिवाणजी टाईप करायचा आणि चलन छापायचा. तेच चलन व्यापाऱ्याच्या पेढीवर गेलं की तिथला माणूस तेच आकडे परत टाईप करणार, तिथून बीम खर्चीवाल्याकडे (मजुरीवर कापड विणून देणाऱ्या मागवाल्याकडे) गेलं की तो वहीत लिहिणार, कापड तयार होऊन ट्रान्सपोर्टला गेलं की तिथे अजून एकदा. चार ठिकाणी चार माणसं एकच आकडा लिहितात आणि महिन्याच्या शेवटी तो जुळत नाही, मग भांडणं मजुरीवरून. आम्ही फ्लॉपीवर फाईल देऊन बघितली, मग पेनड्राईव्ह, मग ईमेलवर एक्सेल. चालायचं, पण मधे एक माणूस लागायचाच, तो रजेवर गेला की सगळं थांबलं.

तेव्हा मायक्रोसॉफ्टचं डॉट नेट हे सॉफ्टवेअर बनवायचं साधन नवीन होतं. त्यात फंक्शनच्या डोक्यावर वेबमेथड एवढं लिहिलं की ते फंक्शन नेटवरून दुसऱ्या कुणालाही बोलावता यायचं, समोरचा जावा या वेगळ्या भाषेत लिहिणारा असला तरी फरक नाही. निरोप एक्सएमएलमध्ये (खुणा लावलेल्या मजकुरात) जायचा, त्याच्या पाकिटाचं नाव सोप, आणि आमच्याकडे काय मागता येईल, काय द्यावं लागेल, काय परत मिळेल हे सगळं सांगणारी फाईल म्हणजे डब्ल्यूएसडीएल. गिऱ्हाइकाला मी ते छापील चलनबुकासारखं समजावून सांगायचो, रकाने आधीच ठरलेत, रिकामा ठेवला तर माल आत घेणार नाही. हे लोकांना लगेच पटायचं. त्या काळात यूडीडीआय नावाची एक डिरेक्टरी पण होती, जगातल्या सगळ्या कंपन्या आपापल्या सर्व्हिस तिथे नोंदवतील आणि सॉफ्टवेअर आपोआप एकमेकांना शोधून व्यवहार करतील अशी कल्पना, आयबीएम, मायक्रोसॉफ्ट आणि सॅप या तिघांनी ती चालवली आणि २००६ च्या जानेवारीत बंद केली. मला त्याचं नवल वाटलं नाही. आमच्याकडे अनोळखी पार्टीला कोणी सूत उधार देत नाही, आधी दलाल मधे लागतो, ओळख लागते, मग व्यवहार. धंदा कोणाशी करायचा हे माणूस ठरवतो, मशीनने फक्त ठरलेला व्यवहार बिनचूक पार पाडायचा.

डब्ल्यूएसडीएलची ताकद आणि कमतरता दोन्ही आम्हाला मुंबईच्या एका गारमेंट एक्स्पोर्टरच्या कामात दिसल्या. त्यांची ऑर्डर त्यांच्या सिस्टीममधून थेट इथल्या व्यापाऱ्याकडे यायची. फाईलमध्ये लिहिलेलं की क्वांटिटी दशांशात येईल, बरोबर, तशीच येत होती. पण ती क्वांटिटी यार्डात आहे की मीटरात हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. हजार यार्ड म्हणजे ९१४ मीटर, हजारामागे ८६ मीटर कापडाचा फरक. आमच्या पार्टनरने पहिल्याच टेस्टला फोन लावून विचारून घेतलं म्हणून मागावर चढायच्या आधी कळलं. तेव्हापासून आमची पद्धत पक्की आहे, टेक्निकल फाईल काहीही असो, वेगळ्या दोन पानांवर साध्या मराठीत लिहायचं की प्रत्येक आकडा कशाचा, मीटर की यार्ड, वजन बीमच्या नळ्यासकट की नळा सोडून, तारीख माल निघाल्याची की बिलाची, आणि त्यावर दोन्ही बाजूच्या मालकांची सही. डेव्हलपरची सही नको, मालकांचीच.

नंतर सोप मागे पडलं आणि रेस्ट ही जोडणीची साधी पद्धत आणि जेसॉन हा निरोप लिहायचा फॉरमॅट आला. रॉय फील्डिंग यांनी रेस्ट ही पद्धत २००० सालीच आपल्या पीएचडीच्या प्रबंधात मांडली होती, पण आमच्यासारख्यांच्या रोजच्या कामात यायला बरीच वर्षं गेली. जेसॉन हलकं, वाचायला सोपं, मोबाईललाही बरं, पण आधी डब्ल्यूएसडीएलमुळे करार सक्तीने लिहावा लागायचा, तो आता लोक लिहीत नाहीत आणि "सॅम्पल बघून घ्या" म्हणतात. हे मला अजिबात पटत नाही. जुन्या गोष्टी सगळ्याच टाकायच्या नसतात. आणि टॅली हे हिशोबाचं सॉफ्टवेअर तर अजूनही एक्सएमएल घेतं, टॅली चालू ठेवायची आणि ९००० नंबरच्या पोर्टवर (कॉम्प्युटरच्या निरोप घ्यायच्या दारावर) बिल पाठवायचं की व्हाउचर, म्हणजे हिशोबातली नोंद पडलं, आमची अर्धी गिऱ्हाइकं आजही तसंच चालवतात आणि उत्तम चालतं.

खरी परीक्षा जीएसटीनंतर झाली. १ एप्रिल २०१८ पासून राज्याबाहेर जाणाऱ्या ५० हजारांवरच्या मालाला ई-वे बिल (मालाच्या वाहतुकीची ऑनलाईन नोंद) आलं. ई-इन्व्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवायचं बिल) आधी ५०० कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना होतं, ते उतरत उतरत ऑक्टोबर २०२२ ला १० कोटींवर आणि ऑगस्ट २०२३ ला ५ कोटींवर आलं आणि इथला मधला व्यापारी त्यात सापडला. आता व्यापाऱ्याच्या सॉफ्टवेअरला सरकारच्या पोर्टलशी बोलल्याशिवाय बिलच पूर्ण होत नाही. बिल जेसॉनमध्ये पाठवायचं, तिकडून ६४ अक्षरांचा आयआरएन (बिलाचा नोंदणी क्रमांक) आणि सही केलेला क्यूआर कोड परत येतो, तो बिलावर छापायचा, मग माल हलवायचा.

एक शनिवारची संध्याकाळ सांगतो. गाडी भरून उभी, अहमदाबादचा माल, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय. पेढीवरच्या माणसाने बटण दाबलं, स्क्रीनवर चक्र फिरलं आणि टाईमआऊट. शेठजींचा फोन.

"अहो, बिल झालं का नाही झालं?"

"शेठ, थांबा, नवीन नंबर टाकू नका."

"मग काय करू, गाडी उभी आहे."

"तेच बिल, तोच नंबर, परत बटण दाबा."

त्यांनी दाबलं आणि क्यूआर कोड आला. हे कसं झालं ते समजून घेण्यासारखं आहे, कारण माझ्या मते अख्ख्या वेब सर्व्हिसचं सार यात आहे. टाईमआऊट म्हणजे काम झालं नाही असा अर्थ नाही, आपल्याला उत्तर मिळालं नाही एवढाच अर्थ. निरोप पोचला असेल, तिकडे नोंदही झाली असेल आणि परत येताना लाईन तुटली असेल. अशा वेळी घाईत नवीन नंबरने दुसरं बिल केलं तर एकाच मालाची दोन बिलं पोर्टलवर, दोन्ही जीएसटीआर-१ (विक्रीच्या रिटर्न) मध्ये आपोआप जाऊन बसणार, कॅन्सल करायला फक्त २४ तासांची मुदत, आणि कॅन्सल केलेला नंबर परत वापरता येत नाही. पण आयआरएन मनाने दिलेला आकडा नाही, विकणाऱ्याचा जीएसटी नंबर, कागदाचा प्रकार, बिल नंबर आणि आर्थिक वर्ष या चारांवरून तो काढलेला असतो. म्हणजे तेच बिल दहा वेळा पाठवलं तरी आयआरएन तोच. दुसऱ्यांदा पाठवलं की पोर्टल २१५० नंबरची एरर देतं, डुप्लिकेट आयआरएन, आणि आधीचा आयआरएन त्याच उत्तरात सांगतं. आमचं सॉफ्टवेअर ती एरर आली की लाल अक्षरं दाखवत बसत नाही, त्या आयआरएनचे डिटेल परत मागवतं आणि बिल छापून देतं. ज्याने ही रचना केली त्याला मी मानतो, कारण लाईन तुटणार हे धरूनच ती केलेली आहे.

म्हणून आमच्याकडे नवीन मुलगा आला की त्याला पहिले काही दिवस मी कोड लिहायलाच देत नाही, नेटची वायर मधेच काढायला लावतो. बटण दाबायचं, वायर काढायची, मग डेटाबेस उघडून बघायचं इकडे काय पडलं, तिकडे काय पडलं. ज्याला हे बघायची सवय लागली तो चांगला डेव्हलपर होतो, भाषा कुठलीही येवो. पोरं इंजिनिअरिंगमधून एपीआय कॉल करायला शिकून येतात, पण कॉल अर्धवट राहिला तर काय हे त्यांना कोणी विचारलेलं नसतं.

व्यापाऱ्यांनाही सांगणं आहे, जोडणीचं काम देताना रेट विचारता तसं अजून तीन-चार गोष्टी विचारा. उत्तर आलं नाही तर तुमचं सॉफ्टवेअर काय करतं? समोरच्याने फॉरमॅट बदलला तर आम्हाला आधी कळणार का गाडी अडल्यावर? पासवर्ड आणि टोकन (सॉफ्टवेअरला आत घेणारी चावी) कुठे ठेवलंय, सोडून गेलेल्या माणसाच्या लॅपटॉपवर तर नाही ना? आणि काय पाठवलं, काय आलं याची नोंद किती दिवस राहते? आम्ही ही नोंद प्रत्येक कॉलची ठेवतो, वेळेसकट, कारण वाद झाला तर तोच पुरावा. आणि जिथे समोरची पार्टी नोंद दाखवायला तयार नसते तिथे आम्ही काम घेत नाही, दोनदा मोठी कामं सोडलीत आणि मला त्याचं समाधान आहे.

आता आम्ही नऊ जण आहोत. सध्या काम चालू आहे ते खर्चीवाल्यांसाठी, ज्यांच्याकडे कॉम्प्युटर नाही, आठ-दहा माग आहेत आणि मोबाईल आहे. बीम सायझिंगमधून निघालं की त्याच्या मोबाईलवर मीटर आणि तारा दिसतात, त्याने "मिळालं" दाबलं की व्यापाऱ्याकडे नोंद पडते, कापड दिलं की पिकं (कापडातले आडवे धागे) आणि मीटरवरून मजुरी दोघांच्याही स्क्रीनवर एकच. शेडमध्ये रेंज नसते म्हणून दाबलेलं मोबाईलमध्येच साठतं आणि बाहेर आल्यावर जातं, दोनदा गेलं तरी नोंद एकच पडते. वीसेक मागवाल्यांकडे सुरू केलंय, दिवाळीनंतर बाकीच्यांकडे लावणार आहोत.