पैसे वसूल, पण सव्वादहानंतर

स्कीच्या डोंगरावर माणसांना वर नेणाऱ्या खुर्च्यांच्या लिफ्ट नऊला सुरू होतात, चारला बंद होतात, आणि तिकिटाचे पैसे या सगळ्या सात तासांचे मोजलेले असतात. आमच्या घरातला वाद इथूनच सुरू झाला. नवऱ्याचं म्हणणं, तिकीट काढलंय ना, मग नऊच्या ठोक्याला पहिल्या खुर्चीत बसायचं आणि चारला हाकलतील तेव्हाच निघायचं. माझं म्हणणं, मार्चअखेरीला यातले कामाचे तास तीन, फार तर साडेतीन. ते कुठले हे ऊन ठरवतं, आपण नाही.

आम्ही कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या बे एरियातल्या फ्रीमाँटला राहतो. मी बरीच वर्षं स्की करते, तो या हिवाळ्यातच शिकायला लागला, तेही रीतसर शिकवणी लावून. गाडी आणि स्की या दोन गोष्टी नवरा-बायकोनं एकमेकांना शिकवू नयेत, हे माझं ठाम मत आहे. तासाला पैसे घेणारा परका माणूस ‘गुडघे वाकव’ म्हणाला तर गुडघे वाकतात. तेच मी म्हटलं की आधी चेहरा वाकडा होतो. तर शिकवणीच्या जोरावर तो हिरव्या, म्हणजे सगळ्यात सोप्या उतारांवर व्यवस्थित वळणं घेत उतरू लागला होता. आता त्याला टाहो तळ्याजवळच्या डायमंड पीकच्या माथ्यावरून निळ्या, म्हणजे मध्यम अवघड उतारानं खाली यायचं होतं, आणि त्यासाठी आम्ही आठवड्याच्या मधल्या वाराला सुट्टी टाकली.

टाहोभोवती स्कीची ठिकाणं भरपूर आहेत. दक्षिणेला हेवनली, उत्तरेला नॉर्थस्टार, आणि १९६० चं हिवाळी ऑलिम्पिक जिथं झालं ते पॅलिसेड्स. डायमंड पीक त्या मानानं लहान. १९६६ साली सुरू झालेलं आणि इन्क्लाइन व्हिलेजच्या स्थानिक संस्थेच्या मालकीचं, म्हणजे एका अर्थानं गावाचाच डोंगर. पायथा ६,७०० फुटांवर, माथा ८,५४० फुटांवर. तळ्याची पातळीच सव्वासहा हजार फूट आहे, म्हणजे कळसूबाईच्या शेंड्यावर उभं राहिलात तरी टाहोचं पाणी तुमच्या आठेकशे फूट वर राहील. त्यामुळे पहिल्या तासात दम लागला तर आपण म्हातारे झालो असं समजू नये. पाणी पीत राहावं. लहान डोंगराचा मोठा फायदा म्हणजे माणूस हरवत नाही. दोघांची पातळी वेगळी असली की याची किंमत कळते.

बे एरियातून इंटरस्टेट ८० नं सॅक्रमेंटो, ऑबर्न, कोलफॅक्स करत वर चढायचं, डॉनर समिट ओलांडून ट्रकीला उतरायचं. चार तास धरा. बर्फासाठी टायरना लावायच्या चेन गाडीत टाकल्याच होत्या. चेन कंट्रोल, म्हणजे रस्त्यावर चेनची सक्ती लागली तर चारचाकी ड्राइव्ह आणि बर्फाचे टायर असलेल्या गाडीलाही चेन जवळ बाळगाव्या लागतात, हे बऱ्याच जणांना चौकीवर थांबवल्यावर कळतं. आम्हाला रस्ता कोरडा मिळाला. डॉनरच्या आसपास सोडा स्प्रिंग्ज लागतं. तिथल्या बर्कली विद्यापीठाच्या हिम-प्रयोगशाळेत २०२२-२३ च्या हिवाळ्यात ७५४ इंच बर्फ मोजला गेला होता, म्हणजे एकोणीस मीटर. हे मी गाडीत सांगितलं तेव्हा नवरा म्हणाला, “आणि आपण नेमके त्या वर्षी घरात बसलो.” बसलो होतो खरे. रस्तेच बंद होते.

सामान आदल्या संध्याकाळी उचलणं सगळ्यात शहाणपणाचं. दुपारी तीन-चारनंतर घेतलं तर बरीच दुकानं तो दिवस भाड्यात धरत नाहीत, आणि सकाळची रांग टळते. मुख्य म्हणजे बुटांना वेळ देता येतो. स्की कुठलीही चालते, बूट चालत नाही. त्याचा साइज सेंटिमीटरमध्ये असतो, म्हणजे पायाची लांबी साडेसव्वीस तर बूट साडेसव्वीसचा. दुकानातल्या मुलानं मात्र ‘कम्फर्टेबल राहील’ म्हणत साडेसत्तावीसचा आणून ठेवला. नवऱ्याला तो अर्थातच आवडला. ज्या स्कीच्या बुटात पाय पहिल्याच मिनिटाला सुखावतो, तो बूट मोठा असतो. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे टेकली पाहिजेत आणि गुडघे पुढे वाकवले की जराशी मागे सरकली पाहिजेत. टाच उचलता कामा नये. मोजा एकच, पातळ, आणि थर्मलची पँट बुटाच्या आत खुपसायची नाही. साडेसव्वीसचा आणवला. तो चढवताना दोघांचे हात लागले.

मग फॉर्म. उंची, वजन, वय, आणि तुम्ही कुठल्या प्रकारचे स्कीअर. यावरून आणि बुटाच्या तळव्याच्या लांबीवरून तंत्रज्ञ बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड, किती घट्ट ठेवायचं ते ठरवतो. पडल्यावर स्की पायातून सुटायला हवी आणि नुसत्या वळणाला सुटायला नको, या दोन्हींच्या मधला तो आकडा. म्हणून वजन खरं लिहायचं, रांगेत मागे कोण का उभं असेना. आणि प्रकार पहिला, म्हणजे सावध. नवऱ्याचं पेन दुसऱ्या चौकोनाकडे वळलं तसं मी नुसतं त्याच्या गुडघ्याकडे बघितलं. त्यानं पहिल्यावर खूण केली.

रात्री ट्रकीच्या मुक्कामात मी पाहिला तो फक्त डोंगरावरचा रात्रीचा पारा. वसंतातलं सगळं गणित त्यावर आहे. आकाश निरभ्र आणि पारा शून्याखाली असेल तर दिवसा वितळलेला बर्फ रात्रीत पुन्हा घट्ट गोठतो. ढग असतील तर उष्णता अडकून राहते, बर्फ नीट गोठतच नाही, आणि मग सकाळपासूनच चिखल. हे गोठणं-वितळणं बरेच दिवस चाललं की बर्फाचे बारीक स्फटिक जाऊन त्यांचे गोल, जाडसर दाणे होतात. सकाळी ते एकमेकांना घट्ट चिकटलेले असतात. ऊन लागलं की आधी दाण्यांमधले सांधे सुटतात, दाणे मात्र शाबूत राहतात. या टप्प्याला कॉर्न म्हणतात. मुठीत घेतला तर छान भिजलेल्या साबुदाण्यासारखा मोकळा, ओलसर, हाताला न चिकटणारा. त्यावर स्की जाते ना, तसं सुख भर हिवाळ्यातल्या ताज्या भुसभुशीत बर्फातही मला मिळालेलं नाही. पण हा टप्पा तासा-दोन तासांचा. मग दाणेही विरघळायला लागतात.

वरून मार्चमध्ये इथं घड्याळ एक तास पुढे जातं. म्हणजे घड्याळात नऊ वाजतात तेव्हा सूर्याच्या हिशोबानं आठच वाजलेले असतात. पण लिफ्ट घड्याळानं सुरू होतात.

सकाळी ट्रकीहून २६७ नंबरच्या रस्त्यानं ब्रॉकवे समिट चढून उतरायला लागलो की झाडांमधून तळं दिसायला लागतं. पुढे किंग्ज बीच, आणि क्रिस्टल बेला कसिनो दिसले की कॅलिफोर्निया संपून नेवाडा सुरू. इन्क्लाइन तिथून जवळच. तळ्याकाठी लोक टी-शर्टवर कुत्री फिरवत होते. आजूबाजूच्या डोंगरांवर एवढा बर्फ असताना तळं का गोठत नाही, असं नवऱ्यानं विचारलं. खोली ५०१ मीटर आहे. एवढं पाणी वर-खाली मिसळत राहतं, सगळं मिळून गोठण्याइतकं गार होईपर्यंत हिवाळाच संपतो.

नऊला आम्ही पायथ्याशी होतो, कारण माझं ऐकूनही त्यानं गजर साडेसहाचाच लावला होता. रात्री यंत्रानं उतार विंचरून ठेवलेले असतात, त्या रेघा आता दगड झाल्या होत्या. वरून येणाऱ्या लोकांच्या स्कीचा आवाजच सांगत होता: खर्रर्र, पत्र्यावरून खिळा ओढावा तसा. उत्तम स्की करणारे यावरही मजा करतात. नवशिक्याला इथे नेलं तर दिवसभराची भीती पहिल्याच वळणावर बसते. मी कॉफी घेतली आणि उन्हात बाकावर बसले. तो बूट घालून उभा, दर पाच मिनिटांनी लिफ्टकडे बघतोय. “तासाचे किती पडतात माहितीय का?” मी म्हटलं, “तू सनस्क्रीन लाव.” तेही नीट: नाकपुड्यांच्या खाली, हनुवटीखाली, कानांच्या मागे. बर्फावरून ऊन खालून वर येतं, त्यामुळे नुसती टोपी पुरत नाही. ओठांनाही लावायचं.

पावणेदहाला मी काठीचं टोक उतारावर टोचून पाहिलं. टक्. दहाला पुन्हा. सव्वादहाला टोक अर्धा इंच आत गेलं आणि आम्ही निघालो.

आधी लॉजपोलच्या लिफ्टनं हिरव्या उतारावर, पाय मोकळे करायला. मग लेकव्ह्यूच्या लिफ्टनं. लिफ्टमध्ये चढताना काठ्या एका हातात, नजर मागून येणाऱ्या खुर्चीकडे. उतरताना स्कीची टोकं वर. हे आता त्याला सांगावं लागत नव्हतं. सांगावी लागली ती सावली. वसंतात एकाच उतारावर दोन बर्फ असतात. पाइनच्या सावलीत अजून गोठलेला, घसरडा. दोन हात पुढे उन्हात मऊ. सावलीतून वेगानं आलात आणि मऊत शिरलात की स्की एकदम धरली जाते आणि अंग पुढे फेकलं जातं. म्हणून सावली संपायच्या आधी वजन दोन्ही पायांवर सारखं, एक पाय किंचित पुढे, आणि त्या रेषेवर वळण घ्यायचं नाही. पहिल्यांदा तो तिथं डगमगला, पण पडला नाही.

साडेअकराच्या सुमाराला क्रिस्टल एक्सप्रेस लिफ्टनं माथ्यावर पोचलो. क्रिस्टल रिज म्हणजे कण्यावरून उतरणारी लांबलचक वाट, तळं सतत समोर. निळाई अशी की काठाजवळ हिरवट आणि आत जाता जाता जवळजवळ जांभळी, पलीकडे पश्चिमेच्या काठावरचे पांढरे डोंगर. लोक इथं थांबून फोटो काढतात. मी म्हटलं, “बाजूला, कडेला थांब, वरून येणाऱ्याला आपण दिसलो पाहिजे.” पुढच्याचा हक्क पहिला हा नियम आहेच, पण मध्येच बसकण मारून बसावं असा त्याचा अर्थ नाही.

ठरलं होतं ते असं: मी पुढे, मोठी गोल वळणं, सावकाश. त्यानं फक्त माझ्या रेघेत यायचं. मी बोलणार नाही, मागे वळून सूचना करणार नाही, ठरावीक अंतरावर कडेला थांबेन. वरचा तीव्र तुकडा आला तेव्हा मागे काही क्षण आवाजच येईना. मी थांबले. तो आडवा उभा होता, खाली बघत. मग पिझ्झा करून, म्हणजे टोकं जुळवून टाचा फाकवून, तीन-चार वळणं घेत आला. त्याच्या पुढे बर्फ नेमका दाणेदार झाला होता. स्की आपोआप वळत होती आणि वेग आपल्या हातात राहत होता. मला मागून ऐकू यायला लागलं: प्रत्येक वळणाला सुर्रर्र आणि मधे श्वास. मधल्या टप्प्यावर स्की समांतर होत्या. पायथ्याला पोचेपर्यंत दोघांनी एकही शब्द काढला नाही.

खाली आल्यावर हेल्मेट काढून पहिला प्रश्न: “तळं कुठल्या बाजूला होतं?”

संपूर्ण उतारभर त्यानं माझ्या स्कीची मागची टोकं बघितली होती, दुसरं काही नाही. म्हणून लगेच पुन्हा वर गेलो. या वेळी दर थांब्यावर मी त्याला मान वर करायला लावली. तिसऱ्या थांब्याला तो स्वतःच थांबला आणि फोन काढला.

जेवण स्नोफ्लेक लॉजच्या बाहेर, उन्हात. पिशवीतून दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि तोंडल्याचं लोणचं निघालं. शेजारच्या बाकावरचे आजोबा चटणीकडे बघत राहिले तेव्हा एक घास त्यांनाही दिला. ते म्हणाले, नट्स असलेलं हे सॉल्सा कुठं मिळतं. नवरा म्हणाला, सोलापूरला.

दीड वाजता मी काठी टोचली तर ती थेट चकतीपर्यंत आत गेली. बर्फाचा लगदा झाला होता, लोकांनी उतरून उतरून त्याचे ढीग केले होते. सिएरातला, म्हणजे इथल्या सिएरा नेवाडा डोंगररांगेतला बर्फ मुळातच ओलसर, जड. त्याला इथं सिएरा सिमेंट म्हणतात ते उगीच नाही. थकलेले पाय आणि असा बर्फ, गुडघे जातात ते याच वेळी. मी म्हटलं, आता बास. तो म्हणाला, “अगं, चारपर्यंत आहे तिकीट!” मी म्हटलं, “तू जा, मी बसते. पण लॉजपोललाच जा.” गेला. वीसेक मिनिटांनी कमरेपासून खाली ओला होऊन आला, काही न बोलता स्की रॅकला टेकवली आणि बाकावर बसून बुटांचे खटके एकेक करून सोडले. सोडताना प्रत्येकाला एक उसासा.

संध्याकाळी ट्रकीला सामान परत करायला गेलो तेव्हा मी गाडीतच थांबले होते. बराच वेळ झाला म्हणून आत गेले तर हा काउंटरवर टेकून विचारत होता, अख्ख्या सीझनसाठी भाड्यानं घेतलं तर काय पडतं, आणि बूट मात्र साडेसव्वीसचेच हवेत.