नेर्हाला जाताय? मग तारली खाऊनच या

दक्षिण स्पेनमधल्या नेर्हा या समुद्रकाठच्या गावाला रेल्वे नाही. मालागा शहरातून बस पकडायची. शेजारच्या मारो गावाजवळच्या, 1959 मध्ये सापडलेल्या गुहांचं तिकीट आधीच ऑनलाइन काढा. आत पायऱ्या भरपूर, तेव्हा चपला नकोत.

बुरियाना किनाऱ्यावरची वाळू करडी, जाडसर. भर दुपारी पाय पोळतात. लाल झेंडा दिसला की पाण्यात उतरायचंच नाही.

खरी मजा एस्पेतोची, म्हणजे काडीवर भाजलेल्या तारलीची. वाळू भरलेल्या जुन्या होडीत लाकडाचा विस्तव, काडीत ओवलेले पाच-सहा तारली मासे, वर नुसतं जाडं मीठ. काडी मणक्याखालून गेली नाही तर मासा शिजताना गळून पडतो. मे ते ऑगस्टमध्ये तारलीला चरबी चांगली धरते. काटाचमचा मागू नका, हातानेच खातात. रात्रीचं जेवण मात्र आठनंतरच. सहाला गेलात तर बऱ्याच ठिकाणी चूल थंड.