ताईचे मास्तर

माझा जन्म नोव्हेंबर १९५५ चा. त्याच्या आदल्याच महिन्यात गोव्यातल्या बेतीच्या पोलीस चौकीवर हल्ला झाला आणि गोवामुक्तीसाठी लढणारे मोहन रानडे जखमी होऊन पोर्तुगिजांच्या हाती सापडले. त्यामुळे माझा वाढदिवस आला की औक्षण करता करता ताई म्हणायची, "मास्तरांनाही तितकीच वर्षं झाली."

ताई माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. आजोळी सावईवेऱ्याला राहून शिकली. तिथल्या मराठी शाळेत रानडे शिक्षक होते. ते मूळचे सांगलीचे, खरं नाव मनोहर आपटे, आझाद गोमंतक दल या क्रांतिकारी संघटनेचं काम करतात, हे सगळं तिला मागाहून कळलं. त्यांना २६ वर्षांची शिक्षा झाल्याचं ऐकलं तेव्हा ती जेवली नाही, असं आई सांगायची.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. मी सहा वर्षांचा होतो. रस्त्यावर माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती एवढं आठवतं. आग्वादच्या तुरुंगातले लोक घरी आले. मास्तर नाही आले. त्यांना आधीच लिस्बनजवळच्या काशियासच्या किल्ल्यात नेऊन ठेवलं होतं. आजी रोज विचारायची, "मास्तर केन्ना येतले गो?" पुढच्या वर्षी आपल्या ताब्यातले तीन हजारांहून जास्त पोर्तुगीज सैनिक मायदेशी परत गेले. त्यांच्या बदल्यात आमचा एक माणूस मागून घ्यायला हवा होता. मी आजही हेच म्हणेन.

मग आपली शाळा सुरू झाली. पाचवीत गुरुजींनी भिंतीवरच्या नकाशात लिस्बन दाखवलं आणि त्यावर बोट तसंच ठेवून थोडा वेळ गप्प उभे राहिले. पोर्तुगालशी आपले राजनैतिक संबंध १९५५ पासूनच तुटलेले, तिथं आपला राजदूत नाही, मग मास्तरांची बाजू मांडायची कुणी, हे त्यांनी आम्हा पोरांना समजावून सांगितलं. सुधीर फडके सुटकेसाठी झटत होते. आमच्या वर्गानं सह्यांचे कागद भरले, गुरुजींनी ते मुंबईला धाडले. माझी सही नीट यायची नाही म्हणून मी आधी पाटीवर गिरवली होती.

ताई दर गुरुपौर्णिमेला मास्तरांना पत्र लिही. पत्ता ठाऊक नव्हता. लिहून झालं की घडी घालून ट्रंकेत.

अखेर तमिळनाडूचे मुख्यमंत्री अण्णादुराई यांनी पोप पॉल सहावे यांना गळ घातली आणि जानेवारी १९६९ मध्ये मास्तर सुटले. कैदेतली सहा वर्षं त्यांनी एकांतकोठडीत काढली होती. फेब्रुवारीच्या सुरुवातीलाच अण्णादुराई गेले. गोव्याशी ना नात्याचा, ना भाषेचा माणूस! आमच्या देवघरात त्या दिवशी त्यांच्या नावानं वेगळी पणती लागली.

मी आठवीत होतो. बातमी ऐकून धावत घरी आलो तर ताई विहिरीवर धुणं धूत होती. सांगितलं, तर हातातलं लुगडं तसंच पिळत राहिली. कितीतरी वेळ. नंतर म्हणाली, "आता त्यांचे केस पिकले असतील रे."

१९६२ ते १९६८ ची ती सात पत्रं ताईच्या परवानगीनं स्मरणिका समितीकडे देत आहे. शाळेच्या सुवर्णमहोत्सवाच्या प्रदर्शनात ती मुलांच्या हाताला लागतील अशी, खालच्या फळीवर ठेवावीत, एवढं तिचं मागणं आहे.