पाठीमागून येणारा वारा

आज गाडीला विंड डिफ्लेक्टर, म्हणजे सीटमागे वारा अडवणारा पडदा, बसवला, आणि छत उघडून गाडी चालवण्याचं सुख दुप्पट झालं! अनेकांना वाटतं, वारा समोरून लागतो. खरं तर काचेवरून गेलेली हवा सीटमागे कमी दाबाच्या जागेत वळते आणि उलटी फिरून मानेवर आदळते. म्हणून डिफ्लेक्टर सीटमागेच हवा. मी अ‍ॅक्रिलिकऐवजी जाळीच घेतली. ती थोडी हवा जाऊ देते, त्यामुळे भोवरे मंदावतात. रोल हूपला, म्हणजे गाडी उलटल्यास डोकं वाचवणाऱ्या सीटमागच्या कमानीला, ती क्लॅम्पने आवळली, कुठेही भोक पाडलं नाही. छत मिटताना कुठे अडत नाही ना, हे मात्र आधी पाहावंच. हायवेच्या वेगात शेजारच्याशी साध्या आवाजात गप्पा झाल्या. इंजिनचा सूरही किती स्पष्ट ऐकू आला!